सीट तेवढी कोरी आहे

चिरंजीव भुंग्यास तुझ्या एकुलत्या एका ताईकडून पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. खुशाल म्हणजे माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि तुझ्या भाऊजींची दाढ जिना उतरताना ठणकते (दाढेचा आणि जिन्याचा संबंध काय ते विचारू नकोस, मी विचारलं होतं, चहा गार होईपर्यंत ऐकावं लागलं). पण एकाचं चढताना दुखतं नि दुसऱ्याचं उतरताना, त्यामुळे घरात कधीही बघा, एक माणूस धडधाकट असतोच. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत तिरका बसू नकोस. लहानपणीही तू भिंतीला टेकवलेल्या छत्रीसारखा बसायचास. भावजयीचा खोकला थांबला का? तिलाही माझे आशीर्वाद सांग, मात्र हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस. का ते पुढे येईलच. दम धर.

आता तू म्हणशील, घरात फोन असताना ताईनं एवढे कागद का काळे केले? अरे, तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून दवंडी पिटणं. तू फोन स्पीकरवर टाकतोस, ओट्यावर ठेवतोस आणि कांदा चिरत बसतोस. मी इकडून म्हणते, "कुणाला सांगू नकोस हं," आणि तिकडून तुझ्या बायकोचा आवाज येतो, "नाही सांगत, ताई." मागच्या खेपेला तुझ्या सासूबाईंच्या केसांच्या नव्या रंगाबद्दल मी चांगल्या मनानं दोन शब्द बोलले, तर पलीकडून सासूबाईच म्हणाल्या, "फार काळा झालाय का हो?" त्या दिवसापासून मी कानाला खडा लावलाय. गुपित असेल ते कागदावर, पाकिटात, डिंक लावून. पाकिटासारखी खात्रीची वस्तू नाही.

तर विषय तुझ्या गाडीचा. घाबरू नकोस, गाडी आहे. चारही चाकं आहेत. तुम्ही दोघं नोकरीसाठी परमुलखात निघालात आणि गाडी आमच्या दारात लावलीत, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून तस्साच आहे. तू नेहमीसारखा घाईत होतास (जन्मल्यापासून गुणगुणत इकडून तिकडे उडायचास, म्हणून तर आईनं तुला भुंगा म्हटलं). किल्ली यांच्या हातात कोंबलीस, म्हणालास, "ताई, बिनधास्त वापरा." पण तुझी बायको थांबली. तिनं गाडीचं दार उघडलं, त्या सायीच्या रंगाच्या सीटवरच्या प्लास्टिकवरून एक बोट फिरवलं, ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, सीटा जपाल ना?" भुंग्या, 'जपाल' इथपर्यंत ठीक होतं रे. तो 'ना' माझ्या काळजात काट्यासारखा रुतला. तुझी बायको गुणी आहे, सोन्यासारखी आहे, पण तिची नजर म्हणजे नजर नव्हे, भिंग आहे भिंग. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी तिनं खुर्चीकडे जसं बघितलं होतं, तसं तर डॉक्टरही जिभेकडे बघत नाही. तेव्हा मीही ताठ मानेनं, चार शेजाऱ्यांच्या देखत सांगितलं, "जशी दिलीस तशी परत घे. सुताइतका फरक दिसला तर माझं नाव बदल." बोलून बसले. जिभेला हाड नसतं, आणि असतं तरी माझ्या जिभेनं ते मोडलं असतं.

वस्तू झाकणं हा माझा हातखंडा आहे हे तुला सांगायला नको. आपल्या घरात शिवणयंत्राला खोळ, रेडिओला खोळ, पंख्याला थंडीत खोळ, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. पाहुणे यायचे असले की सोफ्याच्या खोळीवर चांगली खोळ, आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर चादर. सोफ्याचा मूळ रंग काय होता यावर आमच्यात अजून वाद होतात, कारण तो दोघांपैकी कुणीच धड पाहिलेला नाही. मी शिवण कुठे शिकायला गेले नाही. जुने कपडे उसवायचे, कसे बांधलेत ते बघायचं आणि परत शिवायचे, अशी शिकले (परत शिवलेल्यातले काही अंगात गेलेही). तेव्हा माझ्यासारख्या बाईला एक सीट जपणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं.

सुरुवात सोपी होती. दुकानातून आलेलं प्लास्टिक तुम्ही काढलं नव्हतंत. मी म्हटलं, राहू दे, देवानंच पाठवलंय. पण प्लास्टिकवर बसणं ही बसण्याची गोष्टच नाही रे. एक तर त्याला आवाज. माणूस जरा हलला की असा काही आवाज निघतो की शेजारी बसलेल्यानं सभ्यपणे खिडकीबाहेर बघावं. समोरच्या शिक्षकीणबाईंना एकदा बाजारापर्यंत सोडलं, तर त्या बिचाऱ्या वाटभर "अहो, ते प्लास्टिक होतं," एवढंच म्हणत राहिल्या. दुसरं म्हणजे घसरण. यांनी ब्रेक दाबला की मी लोण्यावरच्या माशीसारखी पुढे जायची. आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसलं, तर उठताना पायाची कातडी आपली की गाडीची, हा प्रश्न पडायचा.

म्हणून प्लास्टिकवर टॉवेल घातले (प्लास्टिक काढून नव्हे, माझी जीभ घसरते, बुद्धी नाही). घरातले सगळे टॉवेल गाडीत गेले. पुढचे काही दिवस तुझे भाऊजी अंघोळ झाली की न्हाणीघराच्या दारातून ओरडायचे, "अगं, टॉवेल!" आणि मी ओरडायची, "पुढच्या सीटवर!" शेवटी त्यांनी एका जुन्या शर्टाला अंग पुसायची सवय लावून घेतली. माणूस सोशिक आहे. पण टॉवेलाची एक खोड असते, तो चिकटतो. आमच्या औषधवाल्याच्या साठीच्या समारंभाला हे घड्याळजी म्हणून (चाळीत काय नि बाजारात काय, यांना सगळे घड्याळजीच म्हणतात, दुकानाचं नावही कुणाला ठाऊक नाही) सत्कार करायला मंचावर चढले. गाडीतून उतरताना टॉवेलाचं एक टोक यांच्या पट्ट्यात अडकलं होतं. समोरून बघावं तर कडक इस्त्रीचा कोट, मागून बघावं तर पोटऱ्यांपर्यंत लोंबणारा गुलाबी टॉवेल, त्यावर बदकं. मी तिसऱ्या रांगेतून हातवारे करत होते, यांना वाटलं मी कौतुकानं हात हलवतेय. यांनीही हलवला. औषधवाल्यानं भाषणात "आमचे घड्याळजी घरचं काम टाकून, अगदी आहे तसे धावत आले" असं म्हटलं. माणूस मोठ्या मनाचा.

एवढ्यानं भागलं असतं, पण मला यांचा मागचा खिसा आठवला. तुझे भाऊजी मागच्या खिशात बारके स्क्रूड्रायव्हर ठेवतात. टोचत नाहीत का विचारलं तर म्हणतात, सवय आहे. त्यांना आहे रे सवय, सीटला कुठे आहे? टॉवेल आणि प्लास्टिकमधून आरपार जाऊन त्या सायीला भोक पडलंय असं मला स्वप्नात दिसायला लागलं, आणि भोकातून तुझी बायको बघतेय, भिंग लावून. दुसऱ्याच दिवशी मी टॉवेलांखाली दुलया घातल्या. पुढे एक-एक घडी घालून, मागे पाहुण्यांची मोठी जाडजूड, दुहेरी. वा! गाडीत बसलं की लग्नातल्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटायला लागलं. फक्त एवढंच झालं की आम्ही दोघं बरेच वर गेलो. डोकं थेट छताला टेकायला लागलं. मी म्हटलं, अडचण होतेय का? हे म्हणाले, "छे गं, उलट आधार आहे. खड्ड्यात मान हलत नाही." (हे मान न हलणं प्रकरण लक्षात ठेव.)

उंचीवर बसल्यामुळे रस्ता कसा दिसायचा म्हणशील, तर रस्ता छान दिसायचा, बोनेटही छान दिसायचं, फक्त सिग्नल दिसायचा नाही. सिग्नल आला की यांना कमरेतून वाकून, स्टिअरिंगला हनुवटी लावून वर बघावं लागायचं, आणि मी शेजारून "लाल, लाल, अजून लाल," असं सांगायची. एकदा चौकातल्या पोलिसानं शिट्टी मारून थांबवलं. बिचारा घामाघूम झाला होता. यांनी खाली वाकून काचेतून तोंड दाखवलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

"काका, लांबून नुसती मान आणि शर्ट दिसला हो," म्हणाला. "मला वाटलं, बिनडोक माणूस चालवतोय."

"वाटलं ते वाटलं, एवढं स्पष्ट सांगायचं नसतं," मी म्हटलं.

त्यानं आत डोकावून दुलई, टॉवेल, प्लास्टिक असं सगळं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "काकू, गाडी आहे का बाळंतिणीची खोली?" दंड मात्र केला नाही. कुठल्या कलमाखाली करायचा हे त्याला आठवेना.

आता ऐक मुख्य प्रकरण. दुलया सरकायच्या. वळणावर आम्ही दुलईसकट दाराकडे जायचो. तेव्हा मी ठरवलं की या सगळ्यावरून एक बेताची, अंगाबरोबर बसणारी पक्की खोळ शिवायची. कापड होतंच, दिवाणखान्याच्या पडद्यातलं उरलेलं, गर्द हिरवं, त्यावर मोठाली पिवळी फुलं. मापं घेतली, यंत्रावर शिवली, बसवली तर ढगळ. माणूस बसला की सीट खाली दबते, बाजूंनी फुगते, आणि कव्हर पोत्यासारखं गोळा होतं. परत उसवली, आवळून शिवली, तर माणूस बसल्यावर टराटरा उसवली. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायजमा शिवताना आपण माणसाचं माप घेतो की नाही? मग खोळही माणूस बसलेला असतानाच शिवायला हवी! यांना म्हटलं, "अहो, जरा गाडीत बसता?" हे म्हणाले, "कुठे जायचंय?" म्हटलं, "कुठे नाही, नुसते बसा. आणि सैल बसा, नेहमीसारखे." यांनी पेपर घेतला, बसले. मी गादीवाल्याचं दाभण मागून आणलं, जाड दोरा ओवला आणि दाराशी पाटावर बसून, मान वाकडी करून, सीटच्या कडेनं टाके घालत सुटले. एक बाजू झाली, पाट उचलून दुसऱ्या बाजूला गेले, तीही झाली. काय बसली म्हणून सांगू! अंगावर कातडी बसते तशी. मी लांब उभी राहून कौतुकानं बघितलं आणि म्हटलं, "झालं. उतरा आता."

हे उतरेनात.

पुन्हा म्हटलं, उतरा. यांनी पेपर बाजूला ठेवला, दाराची कड धरली, जोर लावला, आणि गाडी हलली. हे हलले नाहीत. यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. "अगं," अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू मला शिवलंयस." आणि खरंच रे! सैल बसा म्हटल्यावर यांच्या सैल पँटचं कापड दोन्हीकडे पसरलं होतं, आणि माझ्या दाभणानं आपपर भाव न ठेवता पडदा, टॉवेल, दुलई आणि पँट या सगळ्यांना एकत्र नांदवलं होतं.

मी म्हटलं, थांबा, उसवते. तेवढ्यात फाटकातून शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप घेऊन त्यांचा शिपाई धावत आला. शाळेच्या मोठ्या दालनातलं घड्याळ बंद पडलंय, परीक्षा सुरू व्हायच्या बेतात आहे, घड्याळजींनी असतील तसे निघावं. 'असतील तसे' हे त्याचेच शब्द रे! तुझे भाऊजी कामाच्या बाबतीत कसे आहेत तुला ठाऊक आहे. बंद घड्याळ ऐकलं की यांच्या छातीत धडधडतं, जणू तेच बंद पडलंय. यांनी माझ्याकडे बघितलं, दाभणाकडे बघितलं, आणि हत्यारांची पेटी मागून गाडी चालू केली. बसलेलेच होते म्हणा. मी उडी मारून शेजारी बसले (माझ्या सीटची शिलाई व्हायची होती म्हणून, नाहीतर दोघं अडकलो असतो).

शाळेच्या दाराशी गाडी थांबली. मुख्याध्यापिकाबाई पायरीवर उभ्या. "या, घड्याळजी!" हे म्हणाले, "इकडेच आणा." बाईंना कळेना. "आत यायचं नाही का?" यांनी चेहरा असा गंभीर केला की मीही क्षणभर फसले, आणि म्हणाले, "मी आता गाडीतच काम करतो." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नुसतं वर बघितलं (वर म्हणजे छताकडे, तेही डोक्याला टेकलेलं, त्यामुळे काही दिसलं नाही). मग काय, शिपाई गेला, शिपायाबरोबर कसरतीचे शिक्षक गेले, आणि दोघं मिळून ते पलंगाएवढं घड्याळ भिंतीवरून उतरवून, धापा टाकत, खिडकीशी घेऊन आले. कसरतीच्या शिक्षकांनी ते छातीशी कवटाळून धरलं, हे खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालू लागले. सगळी शाळा खिडक्यांना लटकली. घड्याळ चालू झालं, टाळ्या पडल्या, मुख्याध्यापिकाबाई चहा घेऊन आल्या, तोही यांनी खिडकीतूनच घेतला. निघताना बाई मला म्हणाल्या, "रुबाब आहे हो घड्याळजींचा!" मी म्हटलं, "अंगाला घट्ट बसलाय."

घरी आल्यावर उसवायला गेले तर टाके इतके पक्के की दाभणाला दाद देईनात, आणि कात्री लावावी तर खोळ फाटणार, खोळ फाटली तर टोक खाली लागणार, खाली तुझ्या बायकोची साय. गादीवाल्याला बोलावलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ताई, दोन्हींतलं काय वाचवायचंय?" मी एका क्षणात सांगितलं, "सीट." यांनी डोळे मिटून घेतले. पँट कापली. हे दुलई गुंडाळून राजासारखे घरात गेले, आणि पँटचे दोन्ही पालव अजून खोळीला आहेत. उजवीकडच्याला अख्खा खिसा आहे. पहिले दोन दिवस हे माझ्याशी मोजकं बोलले, मग त्या खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवायला लागले. आता म्हणतात, प्रत्येक गाडीला असा हवा. आणि गंमत ऐक, शाळेचं बघून आता औषधवाला, शिक्षकीणबाई, सगळेच घड्याळं गाडीच्या खिडकीशी आणतात. दुकानात नेली तर यांचं मन मोडेल असं त्यांना वाटतं.

मग गेल्या आठवड्यात तुझ्या बायकोचा फोन आला, की तुम्ही दोघं महिनाअखेर येताय, आणि गाडी न्यायचीय. फोन ठेवला आणि मी थेट गाडीकडे धावले. कारण भुंग्या, इतके दिवस मी ती सीट झाकत होते, झाकत होते, पण खाली काय आहे ते बघितलंच नव्हतं! झाकणाऱ्याचं हे असंच असतं. मी यांना म्हटलं, उघडू या. हे म्हणाले, नको, जे असेल ते त्यांनाच उघडू दे. पण मला राहवेना. दार उघडलं. यांच्या घड्याळाच्या बारक्या चिमट्यानं दुपारभर बसून एकेक टाका सोडवला, खिशासकट खोळ काढली. टॉवेल काढले. दुलया काढल्या. प्लास्टिक उरलं, त्यावर वाफ धरून काही दिसेना. माझं काळीज असं उडत होतं की यांनी सवयीनं माझं मनगट कानाला लावून बघितलं. मी डोळे मिटून प्लास्टिक ओढलं, आणि हे म्हणाले, "अगं, बघ तरी."

भुंग्या, कोरी! दुधावर आत्ता धरल्यासारखी साय. एक चुणी नाही, एक भोक नाही, एक डाग नाही. नव्या गाडीचा वास आला, तुम्ही निघालात त्या दिवशीचा. मी तिथेच पायरीवर बसून रडले, आणि शिक्षकीणबाईंना हाक मारली, गादीवाल्याला बोलावलं, सगळ्यांना दाखवलं. कुणालाही हात लावू दिला नाही. भावजयीला खुशाल भिंग घेऊन येऊ दे. माझं नाव मला पुरतं. शब्द दिला होता, पाळला. एवढंच कळवायचं होतं, बाकी सगळं क्षेम आहे.

जेवणं वेळेवर करा. पाठ सरळ ठेव.

तुझी (नाव न बदललेली) ताई

ता. क. – येताना भावजयीला आधीच सांगून ठेव की सीट बघ. गाडीचं दार उघडलं की पहिल्यांदा सीट, मग पुन्हा सीट. नजर खालीच राहील असं काहीतरी तिच्या हातात देता आलं तर बघ. विणकाम, शब्दकोडं, काहीही.

ता. ता. क. – तुझ्यापासून काय लपवायचं. त्या दिवशी सगळं काढल्यावर आम्ही दोघं त्या कोऱ्या सीटवर जरा टेकलो (चादर घालून), आणि पहिल्यांदाच आमच्या आणि छताच्या मध्ये अंतर पडलं. हे मागे रेलले, वर बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. मग मी वर बघितलं. भुंग्या, तुझे भाऊजी घड्याळात सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल घालतात, पण स्वतःच्या डोक्यावर ओंजळीनं ओततात. छताच्या त्या गोऱ्यापान अस्तरावर यांच्या डोक्याचा एक गोल उमटलाय, ताटाएवढा, चकचकीत. शेजारी माझा, अंबाड्यामुळे मध्ये जरा खड्डा पडलेला. मागे शिक्षकीणबाईंचा एक छोटा आणि तिरका, कारण दुलया घातल्यावर त्यांना पुन्हा एकदा सोडलं, तेव्हाही त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मी पावडर लावली, गोल पिवळा झाला. साबण लावला, वाढला. यांनी घड्याळं धुवायचं पेट्रोल लावलं, त्यावर तो नकाशासारखा पसरला आणि त्याला आता एक बेटही आहे. शेवटी मी उरलेल्या पडद्याचा छताला चांदवा शिवलाय, कडेनं झालर. छान दिसतो. फक्त गाडीतली गार हवा सोडली की यांच्या डोळ्यांवर उतरतो. तेव्हा एक काम कर. येताना गाडीच्या कंपनीतून छताच्या अस्तराचं कापड आण, पुढचं मागचं मिळून पुरेल एवढं. दाभण माझ्याकडे आहे. बायकोनं विचारलं तर म्हण, ताईला उशीला हवंय. तसंही मी शब्द सीटचा दिला होता, छताचा विषयच निघाला नव्हता, हे चार शेजारी सांगतील. मात्र तिला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. ता. ता. क. – पाकिटावर पत्ता लिहून झाला, डिंक लावायला यांच्या हातात दिलं, तर हे वाचत बसले. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणतात, "भुंग्यानं जन्मात कधी पाकीट उघडलंय का?" आणि खरंच रे. तुझा शाळेचा निकाल मी उघडायची, नोकरीचं पत्र मी उघडलं, आणि लग्न झाल्यापासून तुझी सगळी पाकिटं कोण उघडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. एवढं लांब पत्र मी काही परत लिहीत नाही, बोटं दुखतात.

तेव्हा भावजयबाई, तू इथपर्यंत आली असशीलच. खोकला कसा आहे तुझा? वर मी भिंग म्हटलंय ते कौतुकानं म्हटलंय, आणि तुझ्या आईंच्या केसांचा रंग आता छान बसलाय. माझं नाव बदलायचं ठरवलंस तर जरा हाक मारायला सोपं ठेव, यांना पटकन आठवलं पाहिजे. छताच्या कापडाचं तूच बघ बाई, भुंगा चुकीचा रंग आणेल. आणि नाहीच मिळालं, तर तू डोक्याला चांगलं तेल चोपडून ये. तुझाही एक गोल मागे शिक्षकीणबाईंच्या शेजारी उमटू दे, घरच्यांचा चौकोन पुरा होईल. बसताना मात्र टॉवेलावर बस.